निळी स्क्रीन: कर्नल मुद्दाम का थांबतं?

आजच्या भागात इतिहास आहे, पण किल्ल्यांचा नाही, निळ्या स्क्रीनचा. मी बुलढाणा जिल्ह्यातला, शिक्षण बीटेक, काम सॉफ्टवेअरचं. त्यामुळे गावाकडून एक प्रश्न हमखास येतो: "कॉम्प्युटर सारखा निळा होऊन बंद पडतो, काय करू?" त्यावर खामगाव असो, चिखली असो की मेहकर, सल्ला ठरलेला असतो: "विंडोज मारून घे." हे औषध कधी लागू पडतं आणि कधी नाही, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

आधी कर्नल म्हणजे काय ते बघू. गावातली डीपी डोळ्यासमोर आणा. एका घरातला फ्यूज उडाला तर त्याच घरात अंधार होतो. डीपी जळाली तर अख्खी वस्ती अंधारात. तुमचं ॲप म्हणजे एक घर. ते बंद पडलं तर बाकीची चालू राहतात. कर्नल म्हणजे डीपी. मेमरी, डिस्क, नेटवर्क, सगळं त्याच्यातूनच जातं.

मग गडबड झाल्यावर कर्नल सरळ थांबतं कशाला? कारण मेमरीत चुकीचा डेटा शिरलाय हे माहीत असताना काम चालू ठेवलं, तर तोच डेटा डिस्कवर जाऊन तुमच्या फाइली खराब करू शकतो. त्यापेक्षा थांबलेलं बरं. ही कल्पना जुनी आहे. १९७०च्या आसपास युनिक्स तयार होत होतं, तेव्हा मल्टिक्स नावाच्या मोठ्या सिस्टीममध्ये चुका सावरण्यासाठीच ढीगभर कोड लिहिला जायचा. युनिक्सवाल्यांनी तो भार टाकून दिला आणि 'पॅनिक' नावाचं एक छोटं रुटीन ठेवलं. चूक झाली की मशीन थांबवायची आणि पुन्हा सुरू करायची. लिनक्सनेही हा शब्द तसाच उचलला. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचंच कर्नल आहे, बरं का.

विंडोज एनटी १९९३ला आलं आणि त्यासोबत आली ती माहिती देणारी निळी स्क्रीन. ती लिहिणारा इंजिनियर जॉन व्हर्ट. १९९८च्या एप्रिलमध्ये शिकागोत विंडोज ९८चं प्रात्यक्षिक चालू होतं. स्कॅनर जोडला आणि बिल गेट्ससमोरच स्क्रीन निळी झाली! लोक हसले, पण त्या प्रसंगात खरी गोष्ट दडलेली होती: नवीन वस्तू जोडली की सिस्टीममध्ये तिचं ड्रायव्हर येतं. ड्रायव्हर बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीने लिहिलेलं असतं, आणि चालतं मात्र कर्नलच्या आत. २००३मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी लिहिलं, की विंडोज एक्सपीच्या तेव्हा नोंदवलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होते.

आता येऊ १९ जुलै २०२४ वर. शुक्रवार, आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झालेले. भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ला क्राउडस्ट्राइक कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. त्यातल्या नियमांना २१ रकान्यांची माहिती लागत होती, सॉफ्टवेअर देत होतं २० रकान्यांची. एकविसावा रकाना वाचायला गेल्यावर ते मेमरीत नको तिथे पोचलं. हे सगळं कर्नलच्या आत घडलं, म्हणून स्क्रीन निळी. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रं बसली.

कंपनीने चूक ७८ मिनिटांत, म्हणजे १०:५७ला मागे घेतली. तरी गोंधळ कित्येक दिवस चालला. का? कारण ते ड्रायव्हर मशीन सुरू होतानाच लोड व्हायचं. मशीन सुरू, क्रॅश, पुन्हा सुरू, पुन्हा क्रॅश. दुरुस्त फाइल इंटरनेटवरून उतरवायलाही बऱ्याच मशीनला सवड मिळेना. शेवटी माणसाने प्रत्येक मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून ती फाइल डिलीट करायची. त्यातही डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की टाका!

त्याच दिवशी पहाटे मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या क्लाऊडमध्ये वेगळाच बिघाड झाला होता. बातम्यांमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र मिसळल्या. दिवसभरात मुंबई विमानतळावर चेक-इन हाताने करावं लागलं, देशात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, इंडिगोने जवळपास २०० उड्डाणं रद्द केली. सरकारी एनआयसीचं नेटवर्क मात्र शाबूत राहिलं.

यातला धडा फोनवाल्यांनी आधीच घेतला होता. अँड्रॉइड ७, म्हणजे २०१६पासून, सिस्टीमच्या दोन प्रती ठेवायची सोय आली. ती असलेल्या फोनमध्ये अपडेट दुसऱ्या प्रतीवर बसतो. तो सुरूच झाला नाही, तर फोन जुन्या प्रतीवर परततो. ॲपलने २०१९पासून बाहेरच्या सॉफ्टवेअरला कर्नलबाहेर काढायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टनेही २०२४च्या त्या दिवसानंतर तीच वाट धरली.

आता तुमच्या कॉम्प्युटरकडे. एक, निळी स्क्रीन आली की फोटो काढा. खालचा स्टॉप कोड हाच पुरावा. दोन, बिघाड सुरू व्हायच्या आधी काय बदललं ते आठवा: नवीन ड्रायव्हर, नवीन रॅम, एखादा अपडेट? तीन, सेफ मोडमध्ये मशीन नीट चालत असेल तर संशय ड्रायव्हरवर. चार, प्रत्येक वेळी वेगळाच कोड येत असेल तर विंडोजमधलीच मेमरी टेस्ट चालवा. रॅम खराब असेल तर दहा वेळा विंडोज मारा, पैसे जातील आणि निळा पडदा परत येईल. वर फॉरमॅट केल्याने क्रॅशची नोंद ठेवणाऱ्या मिनीडंप फाइलीही जातात, आणि बॅकअप नसेल तर घरच्यांचे फोटोसुद्धा.

मशीन थांबली म्हणजे ती काहीतरी सांगतेय. पुसण्याआधी वाचा. तुमच्याकडे आलेला स्टॉप कोड आम्हाला पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही सोबत उलगडू. तोवर बॅकअप घेऊन ठेवा!