पिवळ्या डोळ्यांआड दडलेला आजार : सिकलसेल, रक्त आणि कावीळ

१/ सिकलसेलग्रस्त रुग्णाचे डोळे पुष्कळदा पिवळसर दिसतात. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी अकाली फुटतात आणि त्यांतून निघणारे पिवळे द्रव्य शरीरात साठते. त्यामुळे विषाणूजन्य कावीळ झाली, तरी ती या पिवळेपणाआड दडून राहू शकते.

२/ १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी मूळ दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले. कारण कळले, उपचार मात्र नव्हता. संकटात आधार उरला तो दुसऱ्याच्या रक्ताचा.

३/ त्या आधारातच धोका होता. १९४३ साली पॉल बीसन यांनी रक्त वा रक्तद्रव दिल्यावर एक ते चार महिन्यांनी कावीळ झालेल्या ७ रुग्णांची नोंद केली. इतक्या उशिरा प्रकटणाऱ्या आजाराचे मूळ रक्ताच्या बाटलीत शोधणे सोपे नव्हते.

४/ १९६०च्या दशकात बरूच ब्लमबर्ग आणि हार्वे ऑल्टर यांना ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ सापडले. ते हिपॅटायटिस बी विषाणूचा अंश ठरले आणि दात्याचे रक्त तपासता येऊ लागले. तरीही रक्त घेतलेल्यांची कावीळ थांबली नाही. १९७५ साली स्पष्ट झाले, की उरलेल्या अनेकांत ‘ए’ही नाही आणि ‘बी’ही नाही. तो तिसरा विषाणू, हिपॅटायटिस सी, मायकेल हॉटन यांच्या गटाने १९८९ साली ओळखला.

५/ तोवर सिकलसेलच्या असंख्य रुग्णांना न तपासलेले रक्त मिळत होते. जितक्या पिशव्या, तितके दाते, तितकाच धोका. शिवाय प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. ते बाहेर टाकण्याची सोय शरीरात नसल्याने यकृतात साठते. विषाणू आणि लोह, दोघांचा मारा एकाच अवयवावर.

६/ औषधही सोयीचे नव्हते. इंटरफेरॉनसोबत दिले जाणारे रिबाव्हिरिन तांबड्या पेशी फोडते. आधीच पेशी गमावणाऱ्यांना ते कसे द्यावे? २०१३ नंतर थेट विषाणूवर घाव घालणाऱ्या गोळ्या आल्या, तेव्हा हा पेच सुटू लागला.

७/ मग रक्तच टाळावे काय? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत नियमित रक्त दिल्याने अधिक धोका असलेल्या मुलांमधील पक्षाघाताचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी घटले. म्हणजे रक्त अपरिहार्यच होते. ते निर्धोक करणे हाच मार्ग होता.

८/ भारतात १९९८पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली आणि २००१पासून प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस सी चाचणी सक्तीची झाली. विदर्भ आणि नंदुरबारच्या सिकलसेलग्रस्त कुटुंबांशी या नियमांचा थेट संबंध आहे. मात्र त्याआधी रक्त घेतलेल्याचे पिवळे डोळे ‘सिकलसेलचेच’ म्हणून सोडून दिले, तर जुना संसर्ग तसाच राहू शकतो. रक्ताची एक साधी तपासणी तो उघड करते. आणि आज हिपॅटायटिस सी बहुतेकांत पूर्ण बरा होतो.