खंडशः डाउनलोड

सर्व्हरवरची फाइल अख्खी न मागता तिचा हवा तेवढाच तुकडा मागवण्याची सोय. एचटीटीपीच्या परिभाषेत ही रेंज रिक्वेस्ट. तुटलेले डाउनलोड ‘रिझ्यूम झाले’ असे लोक म्हणतात, तेव्हा पडद्यामागे हीच चाललेली असते. एचटीटीपी १.१ च्या जानेवारी १९९७ मधील प्रमाणकापासून तिचे नियम ठरलेले आहेत. सध्याचे नियम जून २०२२ मधील आरएफसी ९११० या प्रमाणकात आहेत.

एक उदाहरण घेऊ. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ चे. २०१३ पासून ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते. तेथील प्रबंध ‘कृषिकोश’ या देशभरच्या कृषी संस्थांच्या डिजिटल भांडारात मिळतात. स्कॅन केलेला प्रबंध म्हणजे पानोपानी चित्रेच, त्यामुळे फाइल जड. परभणी जिल्ह्याच्या पालम तालुक्यातला एखादा विद्यार्थी तसली ५० एमबीची, म्हणजे ५,२४,२८,८०० बाइटांची फाइल मोबाइलवर उतरवतो आहे आणि ३६ एमबीवर रेंज गेली, असे समजू. (इथली रेंज टॉवरची.)

नेट परतल्यावर ब्राउझर ‘बाइट्स=३७७४८७३६-’ असे मागतो: इथून शेवटपर्यंत. सर्व्हरने ‘अख्खी फाइल’ सांगणाऱ्या २०० ऐवजी ‘तुकडा’ सांगणारा २०६ हा क्रमांक द्यायचा, ‘३७७४८७३६-५२४२८७९९/५२४२८८००’ असा पत्ता लिहायचा आणि लांबी उरलेल्या तुकड्याची, म्हणजे १,४६,८०,०६४ सांगायची. मोजणी शून्यापासून, आणि शेवटचा आकडाही धरायचा. ०-४९९ म्हणजे ५०० बाइट. नवखा प्रोग्रॅमर इथेच एका बाइटने चुकतो.

अपाची किंवा एनजिनएक्स हे सर्व्हर साध्या फाइलींसाठी हे सगळे आपसूक करतात. लॉगिन तपासायचे, डाउनलोड मोजायचे म्हणून कोणी स्वतःचा हँडलर, म्हणजे विनंतीला उत्तर देणारा कोड, मध्ये घातला, की ही फुकटची सोय जाते. पीएचपीचे ‘रीडफाइल’ रेंजकडे पाहतच नाही, फाइल पहिल्यापासून ओतते. गो भाषेतले ‘सर्व्हकंटेंट’ मात्र हा भार स्वतः उचलते. फाइलीच्या पलीकडची जागा मागितली, तर हँडलरने ४१६ म्हणून नकार द्यावा.

खरी मेख वेगळीच. रेंज गेली आणि परतली, त्या मधल्या वेळात प्रबंधाची सुधारित प्रत चढवली गेली तर? आधीचे ३६ एमबी जुने, पुढचे १४ नवे. जोडून होणारी पीडीएफ बहुधा उघडणारच नाही. म्हणून प्रत्येक आवृत्तीला ईटॅग नावाची खूण देतात. ब्राउझर ‘इफ-रेंज’मध्ये ती परत पाठवतो, खूण जुळली तर तुकडा, नाही तर २०० आणि नवी फाइल पहिल्यापासून. ही तपासणी नसलेला हँडलर चाचणीत झकास चालतो, कारण चाचणी चालू असताना फाइल कोणी बदलत नाही.

एका विनंतीत अनेक तुकडे मागता येतात. ऑगस्ट २०११ मध्ये याच सवलतीतून ‘अपाची किलर’ निघाला: एकमेकांवर चढणारे शेकडो तुकडे एकदम मागून सर्व्हरची मेमरी संपवणारा हल्ला. त्यानंतर अपाचीने अशा मागण्यांना आवर घातला. घरगुती हँडलरने एकच तुकडा मान्य केला आणि अधिक मागणाऱ्याला २०० म्हणून अख्खी फाइल दिली, तरी नियमांना ते चालते.