केबिनचा एसी कमी थंड करणे (जुने ट्रॅक्टर व कंटेनर-ट्रेलर)

एसी चालू आहे, ब्लोअरही फिरतो आहे, तरी केबिन थंड होत नाही, असा हा दोष. महाराष्ट्रातले बहुतेक शेती-ट्रॅक्टर बिनकेबिनचे असल्यामुळे जुन्या एसी ट्रॅक्टरचा जाणकार मिस्त्री गावात सहसा मिळत नाही. नवी मुंबईतली गोष्ट वेगळी आहे; तिथे बंदरावरच्या ट्रेलरमुळे केबिनच्या एसीचे मिस्त्री मिळतात. न्हावा-शेवा येथे २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. तिथल्या कंटेनर-ट्रेलरच्या केबिनमधली यंत्रणा आणि ट्रॅक्टरमधली यंत्रणा तत्त्वतः एकच. दोघांची अडचणही सारखी. नांगरट करणाऱ्या ट्रॅक्टरला किंवा बंदराच्या फाटकावर रांगेत सरकणाऱ्या ट्रेलरला समोरचा वारा मिळत नाही, त्यामुळे कंडेन्सरची सगळी उष्णता पंख्यालाच बाहेर टाकावी लागते.

यावरचा सर्रास उपाय म्हणजे ‘गॅस भरणे’. तो बहुतेक वेळा अर्धवट ठरतो. आर-१३४ए हा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही; बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळला आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जातो. शिवाय जास्त भरला तर कंडेन्सरमधला दाब वाढून थंडावा उलट घटतो. म्हणून तपासणी बाहेरून आत करावी.

पहिला मान कंडेन्सरचा. ट्रॅक्टरमध्ये तो रेडिएटरपुढे किंवा छतावर असतो, आणि भुसा, पाचट, धूळ यांनी त्याच्या बारीक पात्यांमधल्या फटी बुजतात. उरण-पनवेलकडे खाडीच्या खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमची पाती कुरतडली जातात. वरून स्वच्छ दिसणारा कंडेन्सरही मग उष्णता सोडत नाही. आतल्या बाजूने बाहेर, हलक्या दाबाने पाणी मारावे. जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात. त्यानंतर पट्ट्याचा ताण, पंख्याची गती, कॉम्प्रेसरचा क्लच धरतो की घसरतो आणि केबिनचा एअर फिल्टर पाहावा. हीटर असलेल्या ट्रॅक्टरमध्ये गरम पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तर गार हवा आतल्या आत तापते. दोष तिथला असतो आणि खर्च गॅसवर होतो.

इतके झाल्यावर गेज लावावा. इंजिन बंद असताना, ३० अंश सेल्सिअसला, दाब सुमारे ९७ पीएसआय दाखवतो; पण यंत्रणेत द्रव गॅस शिल्लक असेतोवर तो अर्धा असो वा पूर्ण, आकडा तोच येतो. म्हणून या आकड्यावरून गॅस किती आहे हे ठरवता येत नाही. इंजिन साधारण १,५०० फेऱ्यांवर ठेवून, ३५ अंशांच्या आसपासच्या हवेत, कमी दाबाची बाजू ३० ते ४५ आणि जास्त दाबाची २०० ते २५० पीएसआय असावी. दोन्ही आकडे कमी आले तर गॅस कमी आहे. दोन्ही वाढलेले असतील तर कंडेन्सर तुंबलेला, गॅस जादा किंवा आत हवा शिरलेली. कमी बाजू वाढली आणि जास्त बाजू घसरली, तर कॉम्प्रेसर थकला आहे.

सुरुवातीला गार, थोड्या वेळाने गरम, बंद ठेवून सुरू केल्यावर पुन्हा गार, असे होत असेल तर आत पाण्याचा अंश आहे. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी तो गोठतो आणि वाट अडवतो. कोकणच्या पावसाळ्यात नळ्या उघड्या ठेवल्यास हा दोष हमखास येतो. अशा वेळी ड्रायर बदलून, निदान अर्धा तास व्हॅक्यूम काढून, मगच गॅस वजन करून भरावा.

फार जुन्या यंत्रणेत आर-१२ असे. त्याजागी आर-१३४ए घालताना तेल, ड्रायर आणि रबरी ओ-रिंगा बदलाव्या लागतात. नुसता गॅस बदलणे पुरेसे नाही. स्वस्त पर्याय म्हणून कुणी घरगुती एलपीजी भरायला सुचवले तर ठाम नकार द्यावा. बंद केबिनमध्ये गळलेला ज्वालाग्राही वायू चालकाच्या जिवावर बेततो.

केंद्र सरकारच्या डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहू वाहनांच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. उन्हात दिवस काढणाऱ्या चालकांसाठी हा नियम फार आधी व्हायला हवा होता. शेती-ट्रॅक्टर मात्र या वर्गात येत नाहीत.

हंगामाबाहेर महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील तेलाअभावी सुकते आणि तिथून गॅस गळू लागतो. त्यासाठी दर पंधरवड्याला दहा मिनिटे एसी चालवावा, थंडीतही.