ओल्डुव्हाय नव्हे, ओल्डुपाई

मानवाच्या उत्क्रांतीवरचे कोणतेही पुस्तक उघडा, टांझानियातील ‘ओल्डुव्हाय’ घळीचा उल्लेख आल्यावाचून राहत नाही. १७ जुलै १९५९ रोजी मेरी लीकी यांना येथेच ती प्रसिद्ध कवटी गवसली. तिचे वय पुढे सुमारे साडेसतरा लाख वर्षे ठरले. आदिम दगडी हत्यारांच्या परंपरेला ‘ओल्डोवन’ म्हणतात, तेही या घळीवरूनच. आणि हे नावच मुळात चुकीचे ऐकलेले आहे!

मासाई लोकांचा शब्द ‘ओल्डुपाई’. ते तेथे माजणाऱ्या एका वनस्पतीचे नाव. १९११ साली, हा मुलूख जर्मन वसाहतीत असताना, विल्हेल्म काटविंकेल हा जर्मन डॉक्टर तेथे पोहोचला. त्याने नाव विचारले, कानाला लागले तसे टिपले आणि तेच रूढ झाले.

ही वनस्पती म्हणजे आपल्या कुंडीतल्या ‘स्नेक प्लांट’ची दांडगी आफ्रिकी भावंड. तिची पाने समोरासमोरच्या दोन ओळींतच फुटतात, त्यामुळे सारे झाड उघडलेल्या पंख्यासारखे दिसते. पान जाड, निळसर हिरवे, दीड मीटरपर्यंत वाढणारे. वरच्या अंगाला लांब पन्हळ, कडा तांबूस व पांढुरकी, आणि टोकाला कठीण काटा. रखरखीत प्रदेशात पाणी राखण्यासाठी तिची पर्णरंध्रे रात्री उघडतात. पानांतील चिवट तंतूंचे दोर होतात.

तंतूंवरून आठवले: धनुष्याच्या दोरीला आपण ‘मौर्वी’ म्हणतो, तो शब्द ‘मूर्वा’ या वनस्पतीवरून आला. मूर्वा नेमकी कोणती, यावर वैद्यकात मतभेद आहेत. पण पुष्कळांच्या मते ती याच गणातील भारतीय जात होय.

शास्त्रज्ञांनी मात्र ओल्डुपाईला आधी एरेनबर्ग या जर्मन निसर्गअभ्यासकाचे नाव दिले. पुढे जनुकीय अभ्यासानंतर सान्सेव्हिएरिया हा गणच ड्रसिना गणात विलीन झाला आणि तिचे मान्य नाव ‘ड्रसिना हॅनिंग्टनी’ ठरले. हॅनिंग्टन म्हणजे १८८५ मध्ये युगांडात मारला गेलेला इंग्रज बिशप. दोन युरोपीय नावे झाली. मासाईंचे नाव उरले ते घळीला, आणि तेही मोडके.

२००५ मध्ये घळीचे नाव ‘ओल्डुपाई’ असे दुरुस्त करण्यात आले. ‘ओल्डोवन’ हत्यारे मात्र अजून ‘ओल्डोवन’च आहेत.