जाळे-विणकाम, कोळ्यांचे

मुंबई उपनगरातील खारच्या पश्चिमेस, अरबी समुद्राकाठी वसलेल्या खारदांडा आणि किनाऱ्यावरील इतर कोळीवाड्यांतील पारंपरिक हस्तव्यवसाय. बोंबील, जवळा इत्यादींच्या मासेमारीसाठी कोळी ‘डोल’ हे शंक्वाकृती जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावतात. त्याचा आस मुखाशी मोठा असून ‘खोला’ या शेवटच्या भागाकडे क्रमाक्रमाने लहान होत जातो. ही घट साधण्यात विणणाऱ्याचे कौशल्य असते.

पूर्वी जाळी ताग व सुताच्या दोऱ्यांची असत. खाऱ्या पाण्याने ती कुजत. म्हणून ती वेळोवेळी वाळवावी लागत व झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करीत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या, की विणकाम व डागडुजी होई आणि नारळी पौर्णिमेनंतर जाळी पुन्हा समुद्रात जात. हात चालत असतानाच मुले पाहून गाठ शिकत. त्यामुळे विणकाम हे श्रमाइतकेच सहवासाचे व आनंदाचेही कार्य होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न कुजणारा नायलॉनचा दोरा व यंत्राने विणलेली जाळी प्रचारात आली. श्रम वाचले, तथापि हाताने संपूर्ण जाळे विणण्याची गरज उरली नाही. शिवाय समुद्रात हरवलेले नायलॉनचे जाळे दीर्घकाळ नष्ट होत नाही व त्यात जलचर अडकत राहतात. विकत घेतलेले पट्टे जोडणे, त्यांना दोर व बोये लावणे आणि फाटलेले सांधणे ही कामे मात्र अद्यापि हातानेच होतात. या हस्तकौशल्याचे जतन आता मुख्यतः या दुरुस्तीवरच अवलंबून आहे.