बैलांनी फोडलेली बातमी : पनवेल, १७७८

#धागा

१/ माहितीची सुरक्षा म्हटली की आपल्याला पासवर्ड, ओटीपी आणि कूटलेखन आठवते. मजकूर परक्याच्या हाती पडू नये आणि पडलाच तर त्याला वाचता येऊ नये, एवढीच आपली चिंता असते. पण मजकुराला कोणी हात लावला नाही तरी गुपित उघडे पडू शकते. ते कसे, हे पाहण्यासाठी १७७८ च्या नोव्हेंबरात पनवेल बंदरावर जाऊ या.

२/ पार्श्वभूमी थोडक्यात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे चुलते रघुनाथराव पेशवे झाले खरे, परंतु बारभाईंनी त्यांना टिकू दिले नाही आणि ते इंग्रजांच्या आश्रयास गेले. पुण्यात बाल सवाई माधवरावांच्या नावे कारभार चालू झाला व त्याची सूत्रे हळूहळू नाना फडणीसांच्या हाती आली. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावांना फौजेच्या बळावर पुण्यास नेण्याचे ठरवले.

३/ कागद कसा जपावा, हे त्या काळच्या लोकांना उत्तम ठाऊक होते. शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब दिसते. मजकुराची सीमा इथे संपली, याखाली कोणी ओळ वाढवली तर ती खोटी, असा त्याचा अर्थ. आजची डिजिटल स्वाक्षरी याच जातीचे काम करते. म्हणजे मजकुराच्या रक्षणाचा विचार आपल्याकडे जुनाच आहे.

४/ पण फौजेवर मोर्तब करून ती बंद ठेवता येत नाही. कर्नल एगर्टनच्या हाताखाली सुमारे ३,९०० माणसे होती. त्यांच्याबरोबर १९,००० हून अधिक बैल होते, असे ग्रँट डफ नोंदवतो. म्हणजे माणशी जवळजवळ पाच बैल! बोरघाटात चाकांची वाहतूक चालेल असा रस्ता १८३० मध्ये खुला झाला. त्याआधी धान्य, दारूगोळा, तंबू, सारे जनावरांच्या पाठीवरून घाट चढत असे.

५/ आता अशी कल्पना करा : बंदरावर एक सामान्य माणूस उभा आहे. त्याला इंग्रजी येत नाही आणि त्याने एकही पत्र फोडलेले नाही. तरी त्याला काय काय कळेल?
• बैल मोजले की फौज किती दिवसांची शिधासामग्री नेत आहे याचा अंदाज येतो.
• कॅप्टन स्टुअर्टची तुकडी बोरघाट धरण्यासाठी पुढे गेली, म्हणजे वाट ठरली.
• छावणीत रघुनाथराव आहेत, म्हणजे हेतू ठरला.
• तोफा आणि जनावरांची गर्दी पाहिली की चाल मंद असणार हेही कळते.

६/ कोण, कुठून, कुठे, कधी आणि किती : आज यालाच ‘मेटाडेटा’ म्हणतात. मजकुरात काय लिहिले आहे हे त्यात नसते, मजकुराभोवतीची हालचाल मात्र असते. वकील, अखबारनवीस आणि जासूद यांच्यामार्फत दूरदूरच्या दरबारांतील बातमी राखणाऱ्या नानांसारख्या कारभाऱ्याला एवढा ऐवज पुरेसा होता.

७/ आणि ही हालचाल उघड्यावर किती काळ होती? आघाडीची तुकडी नोव्हेंबरअखेर घाटात पोहोचली, तर मुख्य फौज खंडाळ्यास आली २३ डिसेंबरला. पनवेलहून हे अंतर आज द्रुतगती मार्गाने तासाभराचे आहे. पुढे कार्ल्यापर्यंतच्या आठ मैलांस अकरा दिवस लागले. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ स्टुअर्ट मारला गेला. मराठी स्मृतीत तो ‘इष्टूर फाकडा’ म्हणून आजही जिवंत आहे. त्याचे स्मारक वडगाव मावळात आहे.

८/ मिळालेल्या अवधीचे मराठ्यांनी सोने केले. महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांच्या फौजा एकत्र आल्या. मोठी लढाई टाळून शत्रूची रसद तोडण्यात आली आणि वाटेवरचा चारा-धान्य नाहीसा करण्यात आला. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावास पोहोचले तेव्हा गाव जळालेले होते. वेळ आली तर पुणेही जाळण्याची तयारी होती.

९/ ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी अवजड तोफा तळ्यात ढकलून गुपचूप माघार घेतली. मात्र तीही लपली नाही. मराठ्यांनी त्यांना वडगावास गाठले आणि जानेवारीच्या मध्यास शरणागतीचा करार झाला. कंपनीने पुढे तो नाकारला आणि युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले.

१०/ हा पराभव केवळ बातमी फुटल्यामुळे झाला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मोहिमेचे निर्णय एका समितीच्या हाती होते आणि तिच्यात एकमत नव्हते. एगर्टन आजारी होता. समितीतला मॉस्टिन मुंबईस परतला आणि १ जानेवारीला वारला. पण या साऱ्या दोषांचा फायदा घ्यायला प्रतिपक्ष आधीपासून सज्ज होता, आणि ती सज्जता उघड्या हालचालींनी त्याला मिळवून दिली होती.

११/ हीच गोष्ट उलटी फिरवता येते. १६६३ मध्ये लाल महालावरील छाप्यानंतर शिवाजी महाराजांनी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रज घाटाकडे सोडले आणि मोगल त्या उजेडामागे धावले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. १९४४ मध्ये दोस्तराष्ट्रांनी इंग्लंडमध्ये एक खोटे सैन्य उभे केले, त्यात खोटे रेडिओ संदेश मोठ्या प्रमाणावर होते. हालचाल बोलते हे ज्याला कळते, तो तिला खोटेही बोलायला लावू शकतो.

१२/ आणि आज? २०१७ च्या नोव्हेंबरात ‘स्ट्राव्हा’ या व्यायामाच्या ॲपने जगभरच्या धावण्याच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते. तरीही जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याच्या लक्षात आले की सीरिया आणि अफगाणिस्तानच्या काळोख्या भागांत काही आकृती उजळून दिसत आहेत. ते लष्करी तळ होते. सैनिकांनी गुपित कोणाला सांगितले नव्हते, ते फक्त रोज धावत होते.

१३/ आपल्या व्हॉट्सॲपचा मजकूर कूटबद्ध असतो, ही गोष्ट चांगलीच आहे. पण कोण कोणाशी, किती वाजता आणि कितीदा बोलले, हे त्या कुलपाबाहेर राहते. बातमीदाराला माहिती देणाऱ्या माणसाचा शोध लागायला एवढे पुरते. एकटीच रोज ठरावीक वेळी धावणाऱ्या मुलीचे घर सापडायला तिने टाकलेला नकाशा पुरतो.

१४/ म्हणून पासवर्ड बळकट ठेवाच. त्यासोबत ॲपला दिलेली ठिकाणाची परवानगी, छायाचित्राला चिकटलेली जागा आणि वेळ, प्रवासात असतानाच टाकलेली पोस्ट हेही एकदा तपासा. लखोटा बंद केल्यावर बंदरावरच्या त्या माणसाच्या जागी उभे राहा आणि स्वतःला विचारा : इथून माझे किती बैल दिसतात?

(धागा समाप्त)