आगबोट आणि पडाव

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही पाच मित्र क्रूझवर गेलो होतो. दोघे साताऱ्याचे, दोघे सांगलीचे आणि मी मधला, कराडचा. कार्यक्रमात ‘किनाऱ्यावरची सहल’ अशी एक ओळ छापलेली होती. लक्षद्वीपमध्ये अगत्ती बेटासमोर आमचं जहाज थांबलं, तेही भर समुद्रात. बेटाभोवती पोवळ्याच्या खडकांचं कडं आहे, मोठं जहाज आत जात नाही. छोट्या होड्या दाराशी आल्या. लाटेबरोबर होडी हातभर वर येई, हातभर खाली जाई. सांगलीचे आमचे गुरुजी कृष्णेच्या पुरात पोहलेले, पण दारात थबकले. मी म्हणालो, “गुरुजी, पडाव आहे हा. वर आला की पाय टाकायचा.”

“पडाव म्हणजे?” त्यांनी विचारलं.

हा शब्द मला अम्मीकडून मिळाला. तिचं माहेर दाभोळ. लग्न होऊन ती घाटावर आली आणि तिच्याबरोबर आमच्या घरात सुकट, नारळ आणि आगबोटीच्या गोष्टी आल्या.

सातारा-सांगलीचा समुद्राशी काय संबंध, असं वाटेल. पण संबंध जुना आहे. बहामनी आणि पुढे आदिलशाहीच्या काळात दाभोळ हे मोठं बंदर होतं. तिथून चिपळूण, घाट चढून कराड आणि पुढे विजापूर, अशी मालाची आणि माणसांची वाट होती. पोर्तुगीज अल्मेदाने १५०८ मध्ये हे बंदर जाळलं, तरी ते पुन्हा उभं राहिलं. खाडीकाठी आदिलशाही काळातली देखणी मशीद आजही आहे. हजला निघालेली विजापूरची शाहजादी समुद्रातल्या चाच्यांच्या भीतीने दाभोळलाच थांबली आणि बरोबर आणलेल्या पैशांतून तिने ही मशीद बांधली, असं सांगतात. गोष्ट खरी असेल तर बाईसाहेब आमच्याच मुलखातून गेल्या असणार.

एकोणिसाव्या शतकात वाफेवरची आगबोट आली. कुंभार्ली घाटात गाडीरस्ता झाला, तसे कराड आणि पाटणकडचे बैल चिपळूणच्या गोवळकोट धक्क्यापर्यंत जाऊ लागले. खाली जाताना गूळ, मिरची, हळद. वर येताना मीठ, नारळ, सुकी मासळी. पुण्याहून मिरजेकडे रेल्वे आली आणि घाटावरचा बराच माल तिकडे वळला. कोकणची रेल्वे पुरी व्हायला मात्र १९९८ साल उजाडलं. त्याआधी बराच काळ मुंबईला जायचं तर आगबोट. बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीला लोक ‘शेफर्ड’ म्हणत. तिच्याशी टक्कर देणाऱ्या देशी कंपनीला प्रेमाने ‘माझी आगबोट’ असं नाव पडलं होतं. तिच्या बोटींना संतांची नावं होती. त्यातलीच ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. सज्जनगडाच्या पायथ्याला वाढलेला आमचा साताऱ्याचा मित्र हे ऐकून बराच वेळ गप्प होता. त्याला समर्थांचं सगळं ठाऊक, ही बोट ठाऊक नव्हती.

पुढे कोकणची सेवा मोगल लाइनकडे आली. मुंबईहून जेद्दाहला हाजींना नेणारी कंपनी हीच. समुद्रमार्गे हज १९९५ पर्यंत चालू राहिला. माझे दादा तसेच गेले होते. म्हणजे एकाच कंपनीने आमच्या घरातल्या सासऱ्याला मक्केच्या वाटेवर नेलं आणि सुनेला माहेरी.

सकाळी मुंबईहून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत दुसऱ्या दिवशी पणजी गाठायची. पावसाळ्यात बंद. आज ही यादी पर्यटनाच्या जाहिरातीसारखी वाटते. पण बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे, पाणी उथळ. ती बाहेर उभी राहून भोंगा द्यायची आणि किनाऱ्यावरून पडाव निघायचे.

पडाव म्हणजे रुंद पोटाची वल्ह्याची होडी. अम्मीचा मामू दाभोळच्या पडावावर होता. ती सांगते, आधी सामान खाली जायचं. वळकट्या, ट्रंका, आंब्याच्या पेट्या. मग पोरं, एका हातातून दुसऱ्या हातात. बायका शेवटी. खलाशी दोर धरून उभा, नजर लाटेवर. पडाव वर आला की तो “आता!” म्हणून ओरडायचा आणि मनगट धरून ओढून घ्यायचा. क्षणभर उशीर झाला तर पायाखाली होडी नाही, पाणी. रात्रीची बोट असली तर हे सगळं कंदिलाच्या उजेडात. एकदा माझ्या मोठ्या भावाला वरून खाली दिलं, तेव्हा त्याच्या तोंडातलं केळं तसंच होतं, हे ती अजून हसून सांगते.

आगबोटीवर लिहिणारे बोटींची नावं देतात, कंपन्यांची देतात. प्रत्येक बंदरात हजारोंना मनगट धरून उतरवणाऱ्या खारवी, गाबीत, दालदी माणसांची नावं मला कुठे आढळली नाहीत. माझ्या मते ती सेवा जितकी कंपनीची, तितकीच त्यांची होती. १९८० च्या दशकात बोट बंद पडली. एसटी होती, महामार्ग होता, प्रवाशांचं अडलं नाही. मामूचा पडाव मात्र किनाऱ्यावर उपडा पडून राहिला. त्याचा मुलगा कुवेतला गेला.

२०१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांची आठवण देणारी ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा धावू लागली, तेव्हा अम्मीने पहिला प्रश्न केला, “दाभोळला थांबते का?” मी म्हणालो, ती मौजेची बोट आहे. ती म्हणाली, “मग लोक उतरणार कुठे?” दोन-तीन हंगामांत ती बोटही थांबली.

अगत्तीच्या त्या होडीत एक काळासावळा पोरगा उभा होता. तो त्याच्या भाषेत काहीतरी ओरडला आणि त्याने गुरुजींचं मनगट धरलं. गुरुजी उतरले. दिवसभर निळ्या पाण्यात पाय बुडवून बसले, नारळपाणी प्यायले आणि परतताना सगळ्यांच्या आधी होडीत चढले.

कराडला आल्यावर मी अम्मीला सगळं सांगितलं. जहाजावरचं जेवण, गाणी, नाटक यांत तिला रस नव्हता.

“होडीतून उतरलात ना?” तिने विचारलं. “मग सामान आधी उतरवलं की माणसं?”